अकरा हजार फोटोंतली नदी

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते. नोकरी सांभाळून सहा वर्षं फोटो काढते आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा. त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे आणि नंतर घेतलेली २३ मिमीची एक. पुण्याच्या पेठा, नदीकाठ आणि सुट्ट्यांमध्ये केलेले बनारस, हंपी, कोलकाता असे सगळे मिळून अकरा हजारांवर फोटो झाले आहेत. पुढच्या वर्षी प्रदर्शन भरवायची इच्छा आहे. एका जाणकारांना निवडक चाळीस फोटो दाखवले, तर ते म्हणाले, 'फोटो चांगले आहेत, पण ही मालिका नाही.' नेमकं काय कमी पडतंय? सगळे ब्लॅक अँड व्हाइट केले तर एकसारखे दिसतील का? दहा प्रिंट्स काढून पाहिल्या. स्क्रीनवर छान दिसणारे फोटो कागदावर काळपट आले. किती फोटो लावावेत, केवढे लावावेत, आणि कुणी विकत मागितला तर काय करावं? चाळीस फोटोंची यादी सोबत पाठवते आहे.

उत्तर :

ताई, तुमची मालिका कुठे अडली आहे ते त्या यादीतच दिसतं, आणि ती सुटायची कशी तेही तिथेच लिहिलेलं आहे.

यादी तुम्ही गावांप्रमाणे लावली आहे : पुणे चौदा, बनारस अकरा, हंपी आठ, कोलकाता सात. हा प्रवासाचा हिशेब झाला. त्यातून पाहणाऱ्याला एवढंच कळतं की या बाई कुठेकुठे जाऊन आल्या. आता गावांची नावं हाताने झाकून तीच यादी वाचा. 'ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर वाळत टाकलेल्या गोधड्या.' 'दशाश्वमेधवरची छत्री, खाली कुणी नाही.' 'तुंगभद्रेतली गोल होडी, उलटी करून ठेवलेली.' 'मल्लिक घाट, झेंडूच्या माळांचा ढीग.' 'भिडे पुलाला अडकलेली जलपर्णी.' चाळीसपैकी एकोणीस ओळींत पाणी आहे, किंवा पाण्याकडे उतरणारी पायरी आहे. ही निवड तुम्ही ठरवून केलेली नाही, पण डोळा सहा वर्षं तिकडेच वळत होता. उरलेले एकवीस म्हणजे शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, मंडईचा मनोरा, हंपीतला दगडी रथ, कोलकात्याची ट्राम. हे फोटो वाईट नाहीत. पण ते पाहताना लोक 'अरे, हे आपण पाहिलंय' म्हणतात आणि पुढे सरकतात.

मालिका म्हणजे एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं. दर फोटोने त्या प्रश्नाला थोडं वेगळं उत्तर द्यायचं. तुमचा प्रश्न आमच्या मते असा आहे : शहर आपल्या नदीपाशी कसं उतरतं? कुठे पायऱ्यांनी उतरतं, कुठे भिंत बांधून पाठ फिरवतं, कुठे गाड्या लावायला उतरतं. हा प्रश्न मान्य असेल तर ते एकवीस फोटो आजच बाजूला काढा. पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. प्रश्न मान्य नसेल तर दुसरा ठरवा, पण तो एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्या वाक्यात गावाचं नाव नको.

आता आमचा ठाम सल्ला : मालिकेचा पाया पुण्यातच घाला आणि प्रवासातले फोटो त्यावर बसवा. बनारसला तुम्ही चार दिवस होतात. चार दिवसांत जे ऊन पडलं, जी गर्दी होती, ती घेऊन यावं लागतं. पुण्यातल्या मुठा नदीपाशी तुम्ही बाराही महिने जाऊ शकता. पॅरिसचा फोटोग्राफर यूजीन आत्झे (१८५७–१९२७) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मरेपर्यंत मुख्यतः त्या एकाच शहरात आणि त्याच्या आसपास काम करत राहिला. लाकडी कॅमेरा आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा घेऊन त्याच बागांत, त्याच गल्ल्यांत तो परत परत जायचा. त्याच्या कामाची ताकद त्या परत जाण्यात आहे. तुमच्या चौदा पुणेरी फोटोंपैकी दोन फोटो एकाच जागेचे आहेत असं एकदाही झालेलं नाही. कमी पडतंय ते हे.

मुठेचं वर्षभराचं रूप घेऊ. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. पाणी ओसरल्यावर कठड्यांना, झाडांच्या बुंध्यांना प्लास्टिक आणि जलपर्णी लटकलेली राहते आणि पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ भिंतीवर उमटते. मग विसर्जन. हिवाळ्यापासून पाणी संथ होतं आणि जलपर्णी पुन्हा पसरू लागते. उन्हाळ्यात मधला प्रवाह नाल्याएवढा उरतो. एकाच पायरीवर उभं राहून हे चार फोटो काढले की मालिकेचा कणा तयार झाला. त्यात भर म्हणजे नदीकाठ सुधारण्याचं मोठं काम शहरात सुरू आहे, आणि डेक्कन व संभाजी उद्यान ही पगडीसारख्या छपरांची मेट्रो स्थानकं काठावर उभी राहिली आहेत. आज दिसतो तो काठ काही वर्षांनी असाच दिसेल असं नाही.

परत त्याच जागी उभं राहायचं म्हणजे अंदाजाने नव्हे. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू एका रेषेत आणा. समजा, पायरीचा तुटलेला कोपरा आणि पलीकडच्या काठावरचा दिव्याचा खांब. फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी शोधा. दोन रेषा जुळतात तो बिंदू एकच असतो. पाऊलभर सरकलात तरी एक जोडी सुटते आणि लगेच कळतं. उंचीसाठी मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) खूण करून ठेवा. मागच्या वेळचा फोटो ४ × ६ इंचांत छापून पिशवीत ठेवा आणि तिथे उभं राहून ताडून पाहा. मोबाइलवर पाहूनही जमतं, पण उन्हात त्याचा पडदा नीट दिसत नाही.

यासाठी लेन्स एकच वापरा, २३ मिमीची. तुमच्या लहान एपीएस-सी सेन्सरवर ती मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवरच्या साधारण ३५ मिमी लेन्सएवढं दाखवते : घाट मावतो आणि माणूसही मुंगीएवढा होत नाही. झूमने प्रत्येक वेळी वेगळा कोन घेतला जातो, मग शेजारी लावलेले फोटो एकमेकांशी बोलत नाहीत. ॲपर्चर एफ/८ ठेवून फोकस हाताने ३.३ मीटरवर लावलात तर सुमारे १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. गर्दीत ऑटोफोकसची वाट पाहावी लागत नाही. एफ/१६ वर जाऊ नका. या सेन्सरवर एफ/११ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) बारकावे मऊ पडू लागतात. चालत्या माणसासाठी शटर १/२५० सेकंद, दुचाकीसाठी १/५००. सावलीत त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल, प्रिंटमध्ये तेवढे दाणे खुपत नाहीत. हललेला फोटो मात्र खुपतो.

उजेडाचं गणित काठाप्रमाणे बदलतं. पेठांच्या बाजूचा काठ, म्हणजे ओंकारेश्वराचा, साधारण वायव्येकडे तोंड करून आहे. त्याच्यावर ऊन दुपारनंतर येतं. जूनमध्ये पुण्यात सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या संध्याकाळी या काठावर समोरून ऊन पडतं. डिसेंबरमध्ये तो तेवढाच दक्षिणेला सरकतो आणि ऊन पायऱ्यांना घासून जातं. तेव्हा दगडाचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक टवका उठून दिसतो. दगडाचा पोत हवा असेल तर डिसेंबर, रंग हवे असतील तर मे. समोरच्या वृद्धेश्वर-सिद्धेश्वर घाटाच्या काठाला मात्र सकाळ हवी. बनारसचे घाट पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे तिथेही सकाळच. कोलकात्याचा मल्लिक घाट हुगळीच्या पूर्वेच्या काठावर आहे, म्हणजे नदीकडून येणारं ऊन त्याला संध्याकाळी. तुमच्या बनारसच्या अकरा फोटोंपैकी सात दुपारी काढलेले आहेत. घाट सावलीत, आकाश पांढरं फटक. ते फोटो का पडले याचं कारण एवढंच आहे.

एक चूक तुमच्या यादीत चारदा दिसते : 'पुलावरून, संध्याकाळ, ट्रायपॉड, ८ सेकंद, थोडा हललेला.' ट्रायपॉडचा दोष नाही. पीएमपीची बस गेली की पूल थरथरतो आणि ती थरथर ट्रायपॉडमधून थेट कॅमेऱ्यात जाते. त्याऐवजी आयएसओ वाढवून अर्ध्या सेकंदाची आठ-दहा एक्स्पोजर घ्या, वाहनांच्या दोन घोळक्यांमधल्या शांततेत. त्यातली दोन तरी धडधाकट निघतील. शटरचं बटण हाताने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. आणि पुलावरून खाली वाकून कॅमेरा तिरका केलात तर काठावरच्या इमारती तिरक्या दिसायला लागतात. कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करून तो सपाट धरा, नको असलेलं आकाश नंतर कापा. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात कडा जातात. म्हणून घेतानाच चारी बाजूंनी थोडी जागा सोडा.

संधिप्रकाश आपल्याकडे लांबत नाही. सूर्य मावळल्यापासून सुमारे २२ ते २५ मिनिटांत खेळ संपतो, आणि आकाशाचा निळा व दुकानातल्या दिव्यांचा उजेड तोलात असतात ती मिनिटं त्यातली दहाबारा. जागा आधी ठरवून, कॅमेरा लावून तयार राहा. रात्रीच्या काही फोटोंत आडवे पट्टे येतात असं तुम्ही लिहिलं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. पट्टे जातील. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली काढलेल्या फोटोंचा व्हाइट बॅलन्स दुरुस्त करत बसू नका. त्या उजेडात निळा-हिरवा फारसा नसतोच, मग सॉफ्टवेअर तो आणणार कुठून? तो पिवळा तसाच राहू द्या.

दर फेरीला एक वही ठेवा : तारीख, वेळ, जागा, पाणी कितव्या पायरीला आहे. पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचा क्युसेकमधला (सेकंदाला किती घनफूट पाणी याचा) आकडा वर्तमानपत्रांत येतो, तो लिहून ठेवा. प्रदर्शनात फोटोखाली 'प्रवास' किंवा 'शांतता' अशी नावं देण्यापेक्षा तारीख, घाट आणि क्युसेक एवढंच लिहिलंत तर पुणेकर त्या आकड्यापाशी थबकेल. ज्या घरांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी आहेत, त्यांना पाण्याचा आकडा वाचता येतो. मात्र विसर्ग वाढवण्याचा इशारा आलेला असताना पात्रात उतरू नका. तेव्हाचा फोटो पुलावरून किंवा वरच्या रस्त्यावरूनच.

आणि घाटावर नदीच असते असं नाही, माणसांचं दुःखही असतं. ओंकारेश्वरापाशी दहाव्याचे विधी चालतात. तिथे कॅमेरा खाली. लांब लेन्सने लपून काढणं तर त्याहून वाईट. विधी संपल्यावर उरलेल्या पायऱ्या, ओला झालेला दगड, एखादं केळीचं पान, यातून सगळं सांगता येतं. बनारसला मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चितांचे फोटो काढू नयेत ही तिथली रीत. तुमच्या यादीत तसा एक आहे, तो काढून टाका. ओळखू येणारा चेहरा फ्रेममध्ये मोठा असेल तर विचारा, लहान मुलाचा असेल तर आईबापांना विचारा, आणि पुढच्या फेरीला त्या माणसाला ४ × ६ ची एक प्रिंट नेऊन द्या. घाटावरची धुणं धुणारी मंडळी तुम्हाला ओळखू लागली की तुम्हाला जे फोटो मिळतील ते बाहेरून आलेल्याला मिळणार नाहीत.

परवानगीबद्दल थोडक्यात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करण्याला मुभा आहे, सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या पुतळ्यालाही. पुलाच्या खांबावर रंगवलेलं भित्तिचित्र या मुभेत बसत नाही. फ्रेमभर तेच असेल तर चित्रकाराला विचारा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये, शनिवारवाड्यात आणि हंपीतही, ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते. लष्कराच्या हद्दीत कॅमेरा काढूच नका. ड्रोनचा मोह होईल, पण लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, म्हणून ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नये. खरं तर या मालिकेला ड्रोन नकोच. शहर नदीपाशी उतरतं ते माणसाच्या उंचीवरून.

ब्लॅक अँड व्हाइटबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : करू नका. रंग काढला की फोटो एकसारखे दिसतात हे खरं, पण वेगवेगळ्या साड्यांवर एकच शाल पांघरावी तसे. तुमच्या मालिकेत रंग हाच पुरावा आहे. जलपर्णीचा हिरवा इतका ताजा असतो की लांबून ती हिरवळ वाटते. करड्या छटांमध्ये तीच जलपर्णी आणि पायरीवरचं शेवाळ एक होऊन जातं. मुठेचं काळपट पाणी आणि तुंगभद्रेचं निवळ पाणी यांतला फरकही निघून जातो. फोटो एकत्र बांधायचे तर अंतर, उंची आणि उजेड सारखे ठेवून बांधा.

निवड अशी करा. पाण्याचे सगळे फोटो अकरा हजारांतून वेगळे काढा. तीनेकशे भरतील असा आमचा अंदाज आहे. संगणकावरच त्यांचे ऐंशी करा. त्या ऐंशींच्या ४ × ६ च्या साध्या लॅब प्रिंट्स काढा आणि घरातल्या एका भिंतीवर मास्किंग टेपने लावा. दोन आठवडे येता-जाता दिसू द्या. जे फोटो पहिल्या दिवशी ओरडून बोलावतात, त्यातले बरेचसे चौथ्या दिवशी गप्प होतात. जो फोटो दुसऱ्या आठवड्यातही थांबवतो तो ठेवा. एकच गोष्ट सांगणारे दोन असतील तर एक काढा, दोन्हींवर कितीही जीव असला तरी. 'हा फोटो मिळवायला मी पहाटे चारला उठले होते' हे कारण नाही, पाहणाऱ्याला तुमचं उठणं दिसत नसतं. शेवटी बावीस ठेवा, त्यांत पुण्याचे बारा-चौदा.

मग क्रम. गावांचे गठ्ठे करू नका. ओंकारेश्वराच्या गोधड्यांशेजारी बनारसच्या घाटावर वाळणाऱ्या साड्या लावा. हंपीची उलटी होडी आणि दशाश्वमेधची रिकामी छत्री यांचा आकार जवळजवळ एकच आहे. तुम्ही तो पाहिला आहे की नाही माहीत नाही, पण त्या दोन ओळी यादीत बारा फोटोंच्या अंतराने आहेत, त्या शेजारी आणा. एका फोटोतली रेघ ज्या उंचीवर संपते तिथेच पुढच्या फोटोतली सुरू झाली तर डोळा आपोआप पुढे जातो. भिडे पुलाचे चार ऋतू मात्र एकत्र लावू नका. ते मालिकेत चार ठिकाणी विखरून ठेवा, पालुपदासारखे. पाहणारा चौथ्यांदा तिथे पोचेल तेव्हा जागा ओळखेल.

आता काळपट प्रिंट्स. दोष बहुधा छापणाऱ्याचा नाही. लॅपटॉपचा पडदा आपण घरी पूर्ण उजेडावर ठेवतो, तो ३०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास जातो. प्रिंटसाठी काम करताना तो ८० ते १२० हवा. झगझगीत पडद्यावर फोटो उजळ वाटतो, म्हणून आपण सावल्या अंधाऱ्याच ठेवतो, आणि कागद स्वतः उजेड देत नाही. मोजायचं उपकरण म्हणजे कॅलिब्रेटर भाड्याने किंवा मित्राकडून मिळाला तर उत्तम. व्हाइट पॉइंट ६५०० केल्विन, गॅमा २.२. नसेल तर पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा, खोलीत नेहमीचा दिवसाचा उजेड असू द्या, आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत पडद्याचा उजेड कमी करा. मग जुने फोटो उघडून पाहा, काळपटपणा तिथेच दिसेल.

दुसरी शक्यता रंगांची. फाइल ॲडोब आरजीबी या रंगपद्धतीत दिली आणि छापणाऱ्याने ती एसआरजीबी ही दुसरी पद्धत समजून छापली तर रंग मरगळतात. त्यांना कोणती फाइल चालते ते विचारा, आणि ज्या कागदावर छापणार त्याची प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या. ती लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे पडद्यावरच छपाईचा नमुना पाहिला की कागदावर काळा किती खोल जाईल याचा अंदाज येतो. मॅट कागदाचा काळा चकचकीत कागदाएवढा गडद होत नाही. त्यावर सावल्यांमधला फरक थोडा वाढवून द्यावा लागतो. मोठी प्रिंट काढण्याआधी एकाच फोटोच्या तीन पट्ट्या ८ × १० च्या कागदावर छापून घ्या : जशी आहे तशी, एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ, दोन तृतीयांश उजळ. त्या कलादालनात नेऊन तिथल्या दिव्यांखाली पाहा. घरच्या ट्यूबखाली निवडलेली पट्टी तिथे चुकीची ठरू शकते.

कागद १०० टक्के सुती, आम्लरहित, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचा मॅट, आणि पिगमेंट शाई. पाण्याच्या आणि दगडाच्या फोटोंना तो शोभतो, चकाकी आड येत नाही. आकाराचं गणित सोपं आहे. तुमची फाइल ६००० × ४००० पिक्सेलची. १८ × १२ इंचांत ती इंचाला ३३३ पिक्सेल देते, ३० × २० मध्ये २००. दोन पावलं मागे उभं राहून पाहायला तेही पुरतं. बावीसपैकी अठरा फोटो १८ × १२ चे करा आणि भिडे पुलाचे चार ३० × २० चे. बाजूला तीन-तीन इंच माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) धरलं तर लहान फ्रेम २४ इंच रुंद, मोठी ३६. अठरा लहान म्हणजे ४३२ इंच, चार मोठ्या १४४, मधल्या एकवीस जागा बारा-बारा इंचांच्या, म्हणजे २५२. एकूण ८२८ इंच, ६९ फूट सलग भिंत. बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन असो की घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन, अर्ज करण्याआधी मोजपट्टी घेऊन जा आणि दारं, खांब, स्विचबोर्ड वगळून भिंत मोजा. जागा कमी पडली तर फोटो कमी करा, मधली जागा नव्हे. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर घ्या, सगळ्यांचा एकाच रेषेत. दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांत लावला की काचेत तो दिसत नाही.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. माउंट आणि पाठचा पुठ्ठा आम्लरहित हवा, नाहीतर काही वर्षांत कडेने पिवळी रेघ येते. प्रिंट सेलोटेपने किंवा फेविकॉलने चिकटवायची नाही. वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. आणि काच प्रिंटला टेकता कामा नये. पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने टेकलेली प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना शाईचा थर सोबत निघून येतो. माउंटची जाडी त्यासाठीच असते. लेन्सलाही हाच दमटपणा लागतो : हवाबंद डबा, सिलिका जेल, आत एक छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. बुरशीने कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही.

विक्रीबद्दल. प्रत्येक फोटोची आवृत्ती आधीच ठरवा, समजा दहा प्रती आणि स्वतःसाठी दोन. दहा म्हणजे सगळ्या आकारांत मिळून दहा; लहान दहा आणि मोठ्या दहा असं केलंत तर पहिल्या ग्राहकाला फसवल्यासारखं होतं. प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलने ३/१० असा क्रमांक, सही आणि छपाईचं वर्ष. सोबत कागद, शाई आणि आवृत्ती लिहिलेलं प्रमाणपत्र. कुणाला कितवा नंबर गेला याची वही ठेवा. पहिल्या तीन प्रतींची किंमत ठरवून पुढे टप्प्याने वाढवा, मागे कधीही उतरवू नका. नातेवाईक सवलत मागतील. त्यांना ४ × ६ ची प्रिंट प्रेमाने भेट द्या, आवृत्तीला हात लावू देऊ नका. प्रिंट विकली तरी प्रताधिकार तुमच्याकडेच राहतो, हे प्रमाणपत्रावर एका ओळीत लिहा.

वेळापत्रकात एकच गोष्ट अवघड आहे : मुठेचे चार ऋतू हवेत आणि प्रदर्शन पुढच्या वर्षी. म्हणून कलादालनाची तारीख पावसाळा उलटल्यानंतरची मागा आणि अर्ज आत्ताच करा. पहिल्या फेरीला फक्त उभं राहायच्या जागा ठरवा, तीन पुरेत : एक ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर, एक समोरच्या काठावर, एक भिडे पुलाकडे पाहणारी. खुणांच्या जोड्या वहीत काढून ठेवा. ऐंशी प्रिंट्स भिंतीवर लागल्या की भिंतीचा सरळ समोरून एक फोटो काढून आम्हाला पाठवा. क्रमाबद्दल तो पाहूनच नेमकं सांगता येईल.